डाय कपाटात होती

कॅन्सरची गोष्ट म्हटल्यावर तुम्ही रुमाल शोधायला लागला असाल. राहू द्या. तुम्हाला वाटतंय, आता फिनेलचा वास येणार, लांबलचक व्हरांडा येणार, आणि एक पेशंट उशीला टेकून आयुष्याबद्दल काहीतरी शहाणं बोलणार. आमचा पेशंट उशीला टेकून बोलला ते हॉस्पिटलच्या उपम्याबद्दल. आणि त्यात उपमा करणाऱ्याच्या आईचा उल्लेख होता, म्हणून ते इथे देत नाही.

हा पेशंट म्हणजे माझे काका, वडिलांचे थोरले भाऊ. चिंचणीला आमच्या घराला लागूनच त्यांचं डायचं वर्कशॉप आहे. डाय म्हणजे पोलादाचा ठसा. पोलादाच्या ठोकळ्यावर छिन्नी-हातोडीने पान, फूल, मोर जे काय असेल ते उलटं कोरायचं, भट्टीत लाल करून तेलात बुडवायचं, की झाली डाय. मग सोनार त्यावर पातळ पत्रा ठेवून प्रेसखाली दाबतो आणि तसलीच पानं, तसलीच फुलं काढत बसतो. आमच्याकडे हे काम घराघरात चालायचं. आता कमी झालंय, पण काकांची छिन्नी चालू आहे.

आणि मी? मी बोईसरला एमआयडीसीत एका कंपनीत पॅकिंगला आहे, पण ते पोटासाठी. खरा धंदा नकला. हळदीला, गणपतीत, कोणाच्या रिटायरमेंटला. स्टेशनावरचा अनाऊन्समेंटवाला, आमचा सुपरवायझर – “अरे भाई, माल गया किधर, चल के गया क्या?” – शाळेतल्या गणिताच्या बाई, वाणगावचा कोंबडीवाला, सगळे माझ्या गळ्यात भाड्याने राहतात. पण घरमालक एकच. काका.

काकांचा आवाज म्हणजे पितळेचं मोठं घमेलं फरशीवरून ओढल्यासारखा. बारीक बोलणं त्यांना माहीतच नव्हतं. ते वर्कशॉपमधून “चहा!” ओरडले की तिसऱ्या घरातली बाई आधण ठेवायची. मी लहानपणी दाराआड उभा राहून त्यांच्या आवाजात ओरडायचो, “अरे, भट्टी काय तुजा बाप बघनार?” आणि सगळे कारागीर तंबाखू थुंकून ताठ. काका स्वतः चिडायचे, पण नवीन पाहुणा आला की मलाच पुढे ढकलून म्हणायचे, “काढ रे मना. मना काढ.” म्हणजे माझी नक्कल कर.

तर आजार त्याच गळ्याला आला. आवाज बसला, बसला तो उठेना. विड्या बंद झाल्या, हळद-दूध झालं, कोणी सांगितलेला काढा झाला. शेवटी मुंबईच्या डॉक्टरीणबाईंनी नाकातून बारीक दुर्बीण घालून बघितलं आणि सांगितलं, आवाजाच्या पट्टीवर गाठ आहे, कॅन्सरची, पण लवकर सापडली. मग शेक दिले, म्हणजे रेडिएशन. गळा आतून बाहेरून भाजला. काका पेजेवर आले. आणि हळूहळू, आमच्या सगळ्यांच्या कानांदेखत, घमेलं परत वाजायला लागलं. काकीने आळीत पेढे वाटले.

शेवटच्या शेकानंतर डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, “गाठ दिसत नाही. छान. आता दर थोड्या महिन्यांनी यायचं.”

काका म्हणाले, “गेला ना? मग परत कशाला?”

आता ह्या बाई बोलताना पेनाचं बटण दाबायच्या. टिक. वाक्य संपलं की टिक. मला तेवढंच हवं होतं. मी कान टवकारून एकेक शब्द उचलायला लागलो, आजार समजावा म्हणून नाही, नक्कल बसावी म्हणून. म्हणून तर ते सगळं माझ्या डोक्यात जसंच्या तसं राहिलं. काढतो, ऐका.

“बघा काका, गाठीतल्या सगळ्या पेशी सारख्या नसतात. टिक. बऱ्याचशा नुसती गर्दी. पण थोड्या असतात, ज्यांच्यापासून अख्खी गाठ परत उभी राहू शकते. त्यांना स्टेम सेल म्हणतात, मूळपेशी. टिक. शेक काय, औषध काय, भराभर वाढणाऱ्या पेशींना जास्त लागतं. ह्या मूळपेशी कधीकधी न वाढता गप्प पडून राहतात. लागलेला मार दुरुस्त करून घेतात. गर्दी मरते, आपल्याला वाटतं संपलं. टिक. सगळ्याच कॅन्सरमध्ये असंच होतं असं नाही, शास्त्रज्ञांत अजून वाद आहेत. पण एकही उरली नाही असं छातीठोक सांगणारं मशीन माझ्याकडे नाही. म्हणून यायचं.” टिक, टिक.

दुसऱ्या दिवशी वर्कशॉपमध्ये मी हे सगळं टिकटिकीसकट करून दाखवलं. कारागीर खिदळले. काका हसले नाहीत. छिन्नी खाली ठेवून म्हणाले, “म्हंजे डाय.”

“काय डाय?”

“अरे, दागिने सगले वितलवले तरी काय? डाय कपाटात हाय तवर नक्षी हाय.”

त्यांनी मागचं लोखंडी कपाट उघडलं. आमच्याकडे डाय कधी मोडत नाहीत. फॅशन गेली, गिऱ्हाईक गेलं, तरी तेल लावून, कागदात गुंडाळून ठेवतात. हातची कोरलेली वस्तू भंगारात घालणं अपशकुन मानतात. आजोबांनी कोरलेली एक वेलीची डाय त्या कपाटात माझ्या जन्माआधीपासून झोपलेली. कोणी तिच्याकडे बघत नव्हतं. मग एक सोनार आला, म्हणाला, जुन्या वेली परत चालायला लागल्यात. काकांनी कागद सोडला, तेल पुसलं, आणि संध्याकाळपर्यंत त्या वेलीची पानं परातभर.

“बघ, मेली नव्हती. निजली होती,” काका म्हणाले. मग त्यांनाच सुचलं, “आनि आपला मोर? तो राजकोटला कसा गेला?” आमचा एक जुना कारागीर राजकोटला कामाला गेला तेव्हा काकांनी त्याला मोराची डाय भेट दिली होती. वर्षभरात तिकडच्या बाजारात आमचे मोर. “इथले दागिने किती जनी घालून तिकडं गेल्या असतील. त्यांचे काय मोर झाले? डाय गेली तवा झाले.”

मी म्हटलं, “काका, डॉक्टर व्हा तुमी.” आणि मला आठवलं, बाईंनी निघता निघता आणखी एक सांगितलं होतं. “पण त्या म्हणाल्या, कधी कधी साधी पेशीपण उलटी फिरते आणि मूळपेशीसारखी वागायला लागते. इथे तुमची डाय फसली. दागिन्याची डाय होते का?”

सगळे कारागीर एकमेकांकडे बघायला लागले, कारण दागिन्याचीही डाय होते. दागिना समोर ठेवून त्यावरून नवी डाय कोरायची, नक्षीचोर तेच करतात, आणि खोटं कशाला बोला, गिऱ्हाईकाने नमुना आणून दिला की आम्हीपण तेच करतो.

“च्यायला,” काका एवढंच म्हणाले, आणि कपाट बंद केलं.

आधी काका तपासणीला नेमाने गेले. दुर्बीण नाकातून जाताना शिव्या देऊन यायचे, पण जायचे. मग लग्नसराई आली, ऑर्डरी आल्या, एक खेप चुकली. मग दुसरी. “साफ हाय सांगतात दर वेली. साफ ऐकायला मनोरचा हायवे तुडवत कोन जानार?” काकीपण फार मागे लागली नाही. कारण काका बदलले होते. ओरडणं सोडलं होतं. चहा हवा असला की ऐरणीवर हातोडीने ठक ठक. कारागिराला बोलवायचं, ठक. भट्टी वाढव, ठक ठक ठक. तिसऱ्या घरातली बाई म्हणाली, “भावजींना बरीक देव पावला, किती शांत झाले.” काकी लाजली. आयुष्यभर ओरडून घेतलेली बाई ती, तिला वाटलं आजारातून उठून माणूस मऊ झाला. आम्ही सगळेच खूश. मी तर त्या ठकठकीची नक्कलही बसवली होती.

मग बोईसरला एका हळदीत मी काका काढले. टाळ्या पडल्या. समोर माझी चुलत बहीण बसली होती, काकांची मुलगी, सासरहून आलेली. मी खाली उतरल्यावर ती म्हणाली, “मस्त केलंस रे. जुने बाबा काढलेस ना?”

“जुने म्हणजे?”

“म्हणजे आधीचे. आता कुठे ते असे बोलतात?”

ती जेवायला गेली. मी तिथेच, हातात माईक.

माझं कसं आहे, मी एकदा आवाज बसवला की परत माणसाकडे बघत नाही. शिक्का मारून ठेवलेला. दुसऱ्या दिवसापासून मी काकांना ऐकायला लागलो, खऱ्या काकांना. वाक्याच्या शेवटी वारा सुटत होता, सायकलच्या ट्यूबला बारीक भोक असावं तसा. लांब “आ” ते टाळत होते. मला “त्याला आवाज दे” म्हणायचे ते “बोलव” म्हणायला लागले. दोन वाक्यं बोलली की आवंढा, आणि आवंढ्याला थोडं तोंड वाकडं. मी बोईसर-चिंचणी रिक्षात मागे बसून तो आवाज लावून बघायला लागलो. घशाची एक बाजू आवळल्याशिवाय तो निघतच नव्हता. शेजारच्या मावशीने मला खोकल्याची गोळी दिली.

आणि मग ते डोक्यातून जाईना. पॅकिंगच्या पट्ट्यावर खोके सरकताहेत आणि माझ्या कानात टिक. गर्दी मरते, टिक. गप्प पडून राहतात, टिक. ज्या बाईची मी हसवायला नक्कल करायचो ती आता माझ्या गळ्यात बसून मलाच सांगत होती. मी खोक्यांवर उलटी लेबलं लावली. सुपरवायझर म्हणाला, “हीरो, दिमाग घर पे छोड़ के आया क्या?” मला त्याची नक्कलही करावीशी वाटली नाही.

मी काकांना वर्कशॉपमध्ये एकटं गाठलं.

“काका, तुमचा आवाज उतरलाय.”

“थंड पानी प्यालो.”

“कधीपासून पिताय?”

त्यांनी भिंग डोळ्यावरून वर केलं. “कोनाला बोललास?”

“कोणाला नाय.”

“मग गप ऱ्हा. काकीला बोललास तर तंगडं मोडीन.”

म्हणजे माहीत होतं. ठकठक त्यासाठीच होती. मी म्हटलं, “काका, तुमीच म्हणालात ना, डाय कपाटात…”

“असू दे कपाटात. प्रेस बंद हाय.”

“प्रेस चालू आहे, काका. मला ऐकू येते.”

त्यांनी छिन्नीची धार अंगठ्यावर बघितली. मग म्हणाले, “एकदा शेकून झाला. आता गेलो तर कापतील. बाजूच्या कॉटवर होता ना एक, गल्याला भोक? सगला गला काढलेला. तसा मना नाय जगायचा. बोलल्याबगर काय जगायचा? तू जा, कामाला जा.”

मी गेलो. पण बसवेना. उभं राहवेना. घरी जेवताना काकी पलीकडून आमटी घेऊन आली की मी ताटात बघायचो. सांगावं तर काकांचा शब्द मोडतो, न सांगावं तर ते झोपलेलं जागं होऊन कुठपर्यंत चालत जाईल, कोणाला माहीत. राजकोटला गेलेला मोर मला स्वप्नात दिसला. हसू नका. मान हलवत होता.

असा दसरा आला. वर्कशॉपमध्ये हत्यारांची पूजा असते. छिन्न्या, हातोड्या धुऊन पुसून पाटावर मांडतात, ऐरणीला झेंडू, कपाटातल्या सगळ्या डाय त्या दिवशी कागदातून बाहेर. आळीतले लोक येतात, आणि प्रसाद झाला की मी नकला करतो, हा नेम. मी स्टेशनवाला केला, कोंबडीवाला केला. मग सगळे ओरडले, “काका! काका!” काका स्वतः खुर्चीत बसलेले, नवीन शर्ट, हाताने “काढ” अशी खूण. आवाज न करता.

मी काही ठरवून गेलो नव्हतो, हे कोणी खरं मानत नाही. मी म्हटलं, “आज दोन काका. एक जुने, एक आजचे.”

जुने काढले. “अरे, भट्टी काय तुजा बाप बघनार?” छपराचे पत्रे वाजले. लोक लोटपोट. तिसऱ्या घरातली बाई डोळे पुसतेय.

मग घशाची बाजू आवळली आणि तेच वाक्य परत म्हटलं. हळू. शेवटी वारा सुटलेला. मध्ये आवंढा, वाकड्या तोंडाने.

पहिल्यांदा दोघंतिघं हसली. मग हसू तुटलं. काकी आपट्याची पानं घेऊन उभी होती. तिने माझ्याकडे बघितलंच नाही. ती काकांकडे बघत होती, कित्येक महिन्यांत पहिल्यांदा नीट ऐकत असल्यासारखी, आणि ते तर बोललेही नव्हते.

काका उठले. “बंद कर!” म्हणाले.

आणि तो आवाज अगदी मी आत्ता काढला होता तसाच निघाला. तोच वारा. तोच आवंढा. वर्कशॉपभर सगळ्यांना तो ऐकू गेला.

काकीने पानं पाटावर ठेवली. “अहो,” ती म्हणाली, “उद्या जायचं मुंबईला.”

“दुकान—”

“उद्या.”

गाडीत काका माझ्याशी बोलले नाहीत. मनोरला चहाला थांबलो तर माझा ग्लास त्यांनी ड्रायव्हरला दिला.

गाठ परत आली होती, जुन्याच जागी, आणि मानेतल्या एका ग्रंथीपर्यंत गेली होती. छातीच्या तपासण्या मात्र साफ आल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणखी उशीर झाला असता तर मी हे दुसऱ्याच शब्दांत सांगत असते. गळ्यातली आवाजाची पेटी काढावी लागेल, मानेतल्या ग्रंथीही.

काकांनी त्या वाऱ्याच्या आवाजात विचारलं, “शेकलेला मग कुठून आला?”

बाईंनी पेन उचललं, पण बटण दाबलं नाही. “एखादी मूळपेशी शेकातून वाचली असावी, असं आम्ही मानतो. बोट दाखवून ‘हीच ती’ असं नाही सांगता येत मला. तुमच्या बाबतीत तर नाहीच.”

काकांनी दसऱ्यानंतर पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं, आणि बाईंना म्हणाले, “याच्यासमोर जास्त बोलू नका. हा तुमची नक्कल करतो.”

बाईंनी पेनाचं बटण दाबलं, टिक, आणि स्वतःच हसल्या. मला जमिनीत जावंसं वाटलं.

ऑपरेशनच्या आदल्या दुपारी काकांनी मला कॉटजवळ बोलावलं. मला वाटलं, आता माफ करतील. म्हणाले, “काढ मना.” मी जुने काका काढले, बारीक आवाजात, बाजूला पेशंट होते. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. “‘भट्टी’ला जोर कमी देतोस. शेजाऱ्याला ऐकू गेला पायजे.” त्यांच्या तोंडून ऐकलेलं हे शेवटचं वाक्य. त्यानंतर तो आवाज माझ्याकडे आहे, बाकी कुठेच नाही.

काका घरी आले. गळ्याच्या खाली भोक, त्यावर पांढरं फडकं, श्वास तिथून. आणखी शेक झाले. तपासणीच्या तारखा आता काकीच्या डोक्यात असतात आणि एकही चुकत नाही. पुढे काय, ते बाईपण सांगत नाहीत. कपाटात आणखी एखादी डाय आहे की नाही, ते कपाटालाच ठाऊक. मी अजून रोज संध्याकाळी आल्या आल्या त्यांच्याकडे बघतो. बघायचं काय, ते मलाही कळत नाही. ऐकायला तर आता काही उरलं नाही.

ते वर्कशॉपमध्ये बसायला लागले तेव्हा पंचाईत झाली. ओठ हलतात, आवाज नाही. कारागिरांना समजेना. मला समजतं, आयुष्यभर त्यांच्या तोंडाकडे बघत आलोय. मग रविवारी मी शेजारी बसायला लागलो. ते ओठ हलवतात, मी बोलतो. “छिन्नीला धार कर.” “तेल गरम हाय, थांब.” पहिल्या दिवशी एक कारागीर दचकून उभाच राहिला.

त्या पहिल्याच रविवारी, सगळे कामाला लागल्यावर, काकांनी ऐरणीवर ठक केलं. सगळे थांबले. त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं आणि ओठ हलवायला लागले. मी त्यांच्या आवाजात बोलायला लागलो, सवयीने, आणि दोन शब्दांनी कळलं की हे मलाच आहे.

“तुला लाज नाय वाटली?” मी म्हणालो. “दसऱ्याच्या दिवशी, हत्यारांसमोर, आख्ख्या आलीसमोर मना नागडा केलास? कानात येऊन सांगायचा होता. सांगितलास? हां, सांगितलास. मग परत सांगायचा होता! काकीला सांगायचा होता, तंगडं मोडला असता तर मोडला असता! इतके महिने काय माझ्या तोंडाकडं बघत बसलास?”

मी थांबलो. शेवटचा शब्द माझ्याच आवाजात निघाला होता.

त्यांनी हातोडी उचलली, ठक. ओठ परत हलले.

“हा काय आवाज?” मी म्हणालो. “मी असा रडका कदी बोललो? नीट काढ. गाढव कुठला.”

काका मान हलवत होते, नाही, नाही. हात वर, आणखी वर.

“गाढव!” मी ओरडलो.

पलीकडे, तिसऱ्या घरात, कोणीतरी आधण ठेवलं.